हरवलास तर तिथंच उभा राहा

माधव, तुझी आई मला एकच प्रश्न विचारते आहे, आणि दर वेळी मी चहा संपवून "येतो माई" म्हणत उठून येतो. परवाही तेच केलं. प्रश्न साधा आहे. "वसंतराव, तो सापडला कुठं?" समुद्रात, म्हणतो मी. त्या मान हलवतात आणि माझ्याकडे बघत राहतात. समुद्र केवढा असतो हे त्यांना कळत नाही असं थोडंच आहे! त्यांना जागा हवी आहे. आणि नेमकी जागाच मला सांगता येत नाही.

हस तू. जन्मभर मला चिडवत आलास, "साडूभाऊ, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही." बघ म्हणावं, आता अख्खं पोतं भिजत घातलंय. फक्त शोभाला सांगितलं, आणि बायकोलाही सांगून चुकलो असं वाटतं.

साडूसाडूंचं पटत नाही म्हणतात. सासुरवाडीत आंबरस आधी कुणाच्या ताटात पडला यावरून माणसं वर्षभर अबोला धरतात. आपलं पटलं, कारण तुला असल्या गोष्टी दिसायच्याच नाहीत. चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस, पण समोरचं ताट दिसायचं नाही आणि दूरची कुठली तरी पाटी वाचत बसायचास. रेखाचं लग्न ठरलं तेव्हा मी सासऱ्यांना म्हणालो होतो, मुलगा जरा हौला, खुळाच वाटतो. हे तुला कुणी तरी सांगितलं, आणि तू लग्नाच्या मांडवात येऊन मला मिठी मारलीस. "हौ साडूभाऊ, बरोबर ओळखलं तुम्ही!" तेव्हापासून माझ्या डोळ्यांचा नंबर तूच काढलास. चिक्कडपल्लीच्या त्या अंधाऱ्या खोलीत मला बसवून म्हणायचास, खालची ओळ वाचा आणि अंदाजानं ठोकू नका. हे लिहितानाही नाकावर तुझाच चष्मा आहे.

पाण्याखाली जायचं खूळ तुझंच. पन्नाशीत माणसं गुडघ्यांना तेल चोळतात, आणि तू पोहायच्या तलावावर लागलेली जाहिरात वाचून सकाळी सकाळी माझ्या दारात. हैदराबादेत समुद्र नाही, पण समुद्रात बुडी मारायला शिकवणारे आहेत, ही या शहराची तऱ्हा. मी म्हटलं, नक्को रे बाबा. तू म्हणालास, "जोडीदार लागतो त्याला. एकट्याला उतरू देत नाहीत." रेखा तर ऐकायलाच तयार नव्हती. शेवटी ती मला म्हणाली, "दाजी, तुम्ही शहाणे आहात. तुम्ही सोबत असाल तरच मी ह्यांना जाऊ देते." हे वाक्य तिनं म्हटलं तेव्हा मी तिच्या हातची पुरणपोळी खात होतो, आणि तोंड भरलेलं असल्यानं नुसती मान डोलावली.

मग तू आपल्या दोघांच्या मास्कच्या काचांना आतून नंबरची भिंगं बसवलीस. दुकानातलं गिऱ्हाईक थांबवून, दोन दिवस खपून. तलावाच्या तळाशी बसून मी पहिल्यांदा डोळे उघडले तर तुझा चेहरा लख्ख दिसला, गाल फुगलेले, डोळे हे एवढे मोठे. हसू आलं मला, नाकातोंडात पाणी गेलं आणि मास्तरांनी दोघांना वर काढून झापलं.

तो मास्तर आठवतो ना? आपल्या निम्म्या वयाचा तेलुगू मुलगा, पण शिस्तीला कडक. जोडीदार दिसेनासा झाला की काय करायचं, हे त्यानं आपल्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. जागच्या जागी गोल फिरून बघायचं, वर बघायचं, खाली बघायचं. एक मिनिट, जास्त नाही. नाही दिसला तर शोधत बसायचं नाही, सावकाश वर यायचं. तोही तेच करील. वर हवा आहे, वर बोट आहे, वर हाक ऐकू येते. वरच भेटायचं. तू सगळ्यांत मोठ्यानं म्हणालास. परीक्षेतही बरोबर लिहिलंस. आणि घरी येताना, स्कूटरवर मागं बसून, माझ्या कानाशी वाद सुरू केलास.

"साडूभाऊ, मला हे पटत नाही. हरवलेल्यानं हलायचं नसतं. दोघंबी फिरत राहिले तर भेटायचं कसं? एकानं उभं राहायला पाहिजे."

"अरे, फिरत कोण राहतंय? दोघांनी वर यायचं. वर ही एकच जागा."

"वर केवढी मोठी जागा आहे! खाली निदान मला माहीत असतं, मी कुठं हरवलो ते."

मी सिग्नलला स्कूटर थांबवून तुझ्याकडे वळून बघितलं आणि म्हटलं, पाण्यात ही अक्कल चालवू नकोस. तू म्हणालास, "बरं बाबा." तुझं 'बरं बाबा' म्हणजे नाही, हे मला बावीस वर्षं माहीत आहे. किनाऱ्याकडे जाताना रेल्वेतही तू तोच विषय काढलास. मी पांघरूण ओढून झोपेचं सोंग घेतलं. ते भांडण तसंच अर्धवट राहिलं.

तुझी ही समजूत कुठून आली, ते मला नवीन नव्हतं. दर जानेवारीत माई ती गोष्ट सांगतात. तू पाच वर्षांचा. नुमाइशीत, जानेवारीतल्या त्या मोठ्या प्रदर्शनात, ही गर्दी. फाटकातून आत शिरतानाच त्यांनी तुला बजावलं होतं, "हरवलास तर तिथंच उभा राहा. हलू नको. मी येते." आणि बांगड्यांच्या दुकानापाशी हात सुटला. माई साऱ्या मैदानभर रडत फिरल्या. इकडे पोलीस तुला उचलायला आला तर तू दुकानाच्या खांबाला मिठी मारून बसलास. दुकानदारानं मिठाई दिली, ती हातात तशीच धरून ठेवलीस. चड्डीत शू झाली पण हलला नाहीस. फिरून फिरून माई शेवटी त्या दुकानापाशी आल्या, तर लेकरू खांबाला धरून उभं. मग घरात ओवाळणं, शेजारीपाजारी कौतुक, सगळ्या भावंडांना तुझा दाखला. आजही तुमच्या घरातल्या प्रत्येक पोराला फाटकाशी तेच सांगतात, हरवलास तर तिथंच उभा राहा.

आणि तू पुढंही तसाच राहिलास. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं बघायला आपण जायचो. मी पुढं चालत सुटायचो, कारण मला घरी जाऊन जेवायचं असायचं. पोस्टापर्यंत पोचून बघावं तर तू गायब. चडफडत मागं यावं तर तू त्याच ढिगाशी उकिडवा बसलेला, एखादं फाटकं पुस्तक हातात. "मला माहीत होतं तुम्ही येणार." एकदा तरी उठून मला शोधायला यायचंस रे! एकदा तरी! पण नाही. साहेब बसणार आणि मी येणार, हा ठरलेला कार्यक्रम. मी चिडायचो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तुलाच घेऊन जायचो. खरं सांगायचं तर तुझ्यामुळेच मला थांबून बघायची सवय लागली. नाही तर मी आयुष्यभर पोस्टापर्यंत जाऊन परत आलो असतो.

त्या दिवशीही तू थांबलास. पाणी हिरवट होतं, फार लांबचं दिसत नव्हतं. गाईड दुसऱ्या जोडीला घेऊन पुढं होता, आपण त्याच्या मागं. त्या मोठ्या खडकापाशी तू थांबलास आणि टॉर्च लावून एका फटीत बघायला लागलास. मीही थांबलो, तुझ्या शेजारीच. तू मला बोलावून दाखवलंस, आत एक मासा होता, चपटा, दगडाच्याच रंगाचा. मला तो दिसायला वेळ लागला, आणि दिसल्यावर तू खूश झालास, तुझ्या फुगलेल्या गालांवरून कळलं. मग मागून पाणी आलं. जोरात आलं, मी पुढं ढकलला गेलो, खालची वाळू उठली आणि सगळं ताकासारखं झालं. ते निवळलं तेव्हा तू नव्हतास. खडकही नव्हता. कुठल्या बाजूला आलो तेच कळेना.

मी गोल फिरलो, वर बघितलं, खाली बघितलं. तुला ऐकू जावं म्हणून सिलिंडरवर ठोकलं. हवेचा काटा पाहिला तर परतायची वेळ झालेलीच होती, आणि तू तर माझ्यापेक्षा जास्त हवा ओढणारा. म्हटलं, तोही निघाला असेल. नियम मोडावा असं वाटलं. नाही मोडला. आजही सांगतो, माधव, मी बरोबर केलं. त्या ताकात मी तुला शोधत राहिलो असतो तर दोघी बहिणी एकाच दिवशी उघड्या पडल्या असत्या.

वर आलो. तू वर नव्हतास.

लाटा होत्या. शिट्टी वाजवली, हात हलवले, बोट लांब होती. तुझं नाव घेऊन ओरडलो, मग तुला शिव्या घातल्या. "ये की रे, हौल्या, ये की वर!" खाली मान घालून बघावं तर नुसतं हिरवं. पुन्हा खाली जाण्याइतकी हवा उरली नव्हती. बोटीपर्यंत पोहून तुझ्यापासून लांब जायचंही धाडस होत नव्हतं. तिथंच तरंगत राहिलो, ना वर ना खाली. अजूनही मी तिथंच आहे असं वाटतं. शोभा जेवायला हाक मारते तेव्हा सुद्धा.

गाईड दुसऱ्या जोडीला घेऊन वर आला, मला बोटीवर घेतलं, मी त्याला खडकाचं सांगितलं, आणि तो नवं सिलिंडर बांधून लगेच खाली गेला. तुला घेऊन वर आला. पुढचं सगळं केलं आम्ही, छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, किनाऱ्यावर डॉक्टर होते. नंतर, सगळं संपल्यावर, त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "सर, वो वहीं थे. जहाँ आप लोग अलग हुए, उसी पत्थर के पास." एका हातानं खडकाला मिठी मारलेली. कमरेचा वजनाचा पट्टा तसाच; तो सोडला की माणूस आपोआप वर येतो, पण सोडायचा प्रयत्नही नाही. आणि दुसऱ्या हातात टॉर्च. "टॉर्च जल रहा था, सर. बाहर की तरफ."

माझ्यासाठी. मी परत येईन म्हणून.

मला त्याच क्षणी खांब दिसला, बांगड्यांचं दुकान दिसलं. अरे गाढवा, मास्तरानं शिकवलेलं सगळं तुला तोंडपाठ होतं! पण भीती वाटली तेव्हा तुला मास्तर ऐकू आला नाही. आई ऐकू आली. तू शहाण्या बाळासारखा उभा राहिलास, हवा संपेपर्यंत. मला तुझा इतका राग येतो की तुझ्या फोटोला हार घालताना मी तुझ्या डोळ्यांकडे बघत नाही, आणि लोकांना वाटतं मी अपराधी आहे.

कारण लोकांना वाटतंच तसं. तुला घरी आणलं तेव्हा रेखा रडली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दाजी, तुम्ही वर आलात?" एवढंच. मी तिला नियम समजावून सांगितला. मूर्खासारखा, तेव्हाच, तिथंच. ती म्हणाली, "नियम तुमचा होता, माणूस माझा होता." त्यानंतर तिनं मला दाजी म्हटलेलं नाही. तेराव्याला वाढताना माझ्या पानापाशी आली, आणि वाडगं शोभाच्या हातात देऊन निघून गेली.

एका वाक्यानं हे सगळं मिटेल. 'रेखा, तो हललाच नाही. मी नियमानं वर आलो, तो जागेवर थांबून राहिला.' पण ते वाक्य उच्चारलं की ते माईंच्या कानावर जाणार. एका घरात राहतात दोघी, एका चुलीवरचं जेवतात. रेखा रागाच्या भरात बोलून बसेल, नाही तर बोलणार नाही आणि नुसतं बघेल, ते त्याहून वाईट. ज्या गोष्टीचं त्यांनी जन्मभर कौतुक केलं, तिनंच मुलगा नेला हे त्या म्हातारीनं या वयात कळून घ्यायचं? पोलिसांच्या कागदात 'खडकाजवळ' एवढंच आहे. कुठल्या खडकाजवळ, ते गाईडला माहीत आणि मला. शोभा म्हणते, "निदान रेखाला सांगा. माझी बहीण तुम्हाला खुनी समजते, मी कसं सहन करू?" इकडे आड, तिकडे विहीर. सांगितलं तर माई मरतात, नाही सांगितलं तर मी.

इथवर लिहिलं आणि शोभाचा फोन वाजला. रेखा होती. माई कालपासून जेवल्या नाहीत, वसंतरावांना बोलवा म्हणतात.

आलो जाऊन. दुसऱ्या दिवशी लिहितो आहे.

विद्यानगरच्या तुझ्या घरात पुढच्या खोलीत माई पलंगावर बसल्या होत्या. मी टेकतो न टेकतो तोच म्हणाल्या, "बसा. चहा आज नंतर." म्हणजे बघ, माझी वाट त्यांनी आधीच बंद करून ठेवली होती. रेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी. शोभा माझ्या शेजारी.

"वसंतराव, रेखा म्हणती की पाण्यात हरवलं की वर यायचा नेम असतो. तुम्ही तसं केलं."

"हो, माई."

"त्याला बी नेम ठाऊक होता?"

"ठाऊक होता."

"मग त्यानं कामून नाही केलं?"

माईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग इतक्या हळू बोलल्या की मला पुढं वाकावं लागलं.

"लहानपणी मीच त्याला सांगितलं होतं. नुमाइशीत. तुम्हाला ठाऊकच आहे. हलू नको म्हणलं होतं मी." मग माझं मनगट धरलं त्यांनी. "तो थांबला होता का हो तिथं?"

रेखा दारातून माझ्याकडे बघत होती. एक 'हो' म्हणायचा अवकाश होता, माधव. एका 'हो'नं मी सुटत होतो.

"नाही माई," मी म्हणालो. "तो थांबला नाही. तो मला शोधत फिरला. लांबवर गेला. हवा संपेपर्यंत मला शोधत होता."

"जागेवर नव्हता?"

"नव्हता. फार लांब सापडला."

त्यांनी डोळे मिटले. माझं मनगट सुटलं. मग त्या रडल्या, मोकळ्या रडल्या, तू गेल्यापासून पहिल्यांदा. "लई फिरला असंल माझं लेकरू," म्हणाल्या. "लई फिरला असंल." शोभानं त्यांना जवळ घेतलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आणि तवा तुम्ही वर होता?"

"हो. मी वर होतो."

रेखा आत गेली. थोड्या वेळानं ताट घेऊन आली, माईंसाठी. माईंनी चार घास खाल्ले. चहाचं मला कुणी विचारलं नाही, आणि मी उठलो. शोभाला स्कूटरवर मागं बसवून चिक्कडपल्लीला आलो. जिना चढताना म्हणाली, "आता हेच खरं धरायचं. मी पण हेच सांगेन."

तर आता हे असं राहणार. येत्या जानेवारीत माई खांबाची गोष्ट सांगणार नाहीत. माझा माधव साडूला शोधता शोधता गेला, असं सांगतील, आणि मी समोर बसून ऐकेन. रेखा उठून आत जाईल. सगळी चिक्कडपल्ली मला ओळखते, ती आता याच ओळखीनं ओळखेल. हे मी निवडलंय, तक्रार नाही. नाही कशी, आहे. भरपूर आहे. पण ती तुझ्यापाशी आहे, त्यांच्यापाशी नाही.

जन्मभर मीच मागं वळून तुझ्यापाशी येत राहिलो, आणि तू कधी एक पाऊल हलला नाहीस. काल तुझ्या आईसमोर मी तुला त्या खडकापासून हलवलं. लांबवर नेलं. आता तिथं थांबायचं कारण उरलेलं नाही, माई पण काही म्हणणार नाहीत. टॉर्च बंद कर, माधव. ये आता. मी वरच आहे.